की वेस्टचं हेमिंग्वे घर: सहा बोटांची मांजरं आणि आमच्या घरातले अंगठे

फ्लोरिडात फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींच्या यादीत की वेस्ट बेटावरचं, अमेरिकी लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेचं घर हमखास असतं. कुणी लेखकासाठी जातं, कुणी बागेसाठी, मुलं मांजरांसाठी. आम्ही गेलो ते मांजरांच्या पायांसाठी. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या ना कुणाच्या हातापायाची बोटं वेगळी असतात, त्यांनी ही जागा आवर्जून बघावी असं माझं ठाम मत आहे. का ते सविस्तर लिहिते, कारण इंटरनेटवर या जागेबद्दल जे काही वाचलं त्यात ‘मांजरं गोड आहेत’ यापलीकडे फारसं काही सापडलं नाही.

थोडं आमच्याबद्दल सांगावं लागेल. माझ्या सासूबाईंच्या माहेरी अंगठ्यांची परंपरा आहे. त्यांच्या दोन्ही अंगठ्यांना दोनाऐवजी तीन पेरं आहेत. लांब, सडसडीत, शेजारच्या तर्जनीच्या रांगेत बसणारा अंगठा. त्यांच्या भावाचा एकच अंगठा जरा रुंद आहे, बाकी काही नाही. माझ्या नवऱ्याला जन्मतः उजव्या हाताला दोन अंगठे होते, लहानपणीच ऑपरेशन झालं. आणि आमची लेक जन्मली ती उजव्या हाताला दोन अंगठे आणि डाव्या हाताला आजीसारखा तीन पेरांचा अंगठा घेऊन.

बाळंतिणीच्या खोलीत पहिला प्रश्न मला आला तो ग्रहणाचा. सासूबाईंच्या जाऊबाई बाळाला बघायला आल्या आणि म्हणाल्या, “ग्रहणात विळीवर बसली होतीस का गं?” त्या वाईट बाई नाहीत. त्यांच्या पिढीला जे सांगितलं गेलं, तेच त्या सांगत होत्या. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून किती तरी काळ गेला नाही. दूध पाजताना, बाळाला न्हाऊ घालताना, त्या इवल्याशा दुहेरी अंगठ्याला तेल लावताना तो परत परत यायचा. समोर सासूबाई बसलेल्या असायच्या, त्यांचे अंगठे आम्हाला रोज दिसायचे, आणि तरी घरात कुणीच दोन गोष्टी जोडून बघत नव्हतं. हे आमच्याकडे फार होतं. बाईने काय खाल्लं, काय चिरलं, कुणाकडे बघितलं याचा हिशेब आधी मांडला जातो. घरातल्या माणसांचे हात बघायचं कुणाला सुचत नाही.

असो. आता घराकडे वळते.

आम्ही फोर्ट लॉडरडेलला राहतो. तिथून गाडीने चारेक तास, सुट्टीची गर्दी असेल तर जास्त. मायामी आणि पुढची मुख्य भूमी मागे टाकली की उरलेला सगळा रस्ता बेटांवरून जातो, चाळीसच्या वर पूल लागतात, आणि सेव्हन माइल ब्रिजवर तर दोन्ही बाजूंना फक्त हिरवं-निळं पाणी. सासूबाई कऱ्हाडहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या खिडकीला नाक लावून बसल्या आणि “अगं, एवढ्या पाण्यात खांब रोवले कसे असतील?” हे प्रत्येक पुलावर विचारत राहिल्या. की वेस्टमध्ये शिरलात की रस्त्यावर कोंबड्या-कोंबडे मोकाट फिरताना दिसतात. कुणी हाकलत नाही. हे बघून त्यांना एकदम गावी आल्यासारखं वाटलं.

घर व्हाइटहेड स्ट्रीटवर, ९०७ नंबरला. १८५१ साली आसा टिफ्ट नावाच्या माणसाने बांधलं. बुडालेल्या जहाजांतला माल काढायचा त्याचा धंदा होता. चुनखडीच्या दगडाचं दुमजली घर, चहूबाजूंनी गॅलऱ्या, लोखंडी कठडे, मोठ्या खिडक्या. हेमिंग्वे इथे १९३१ पासून १९३९ पर्यंत राहिला. त्याच्या मृत्यूनंतर १९६४ मध्ये घर संग्रहालय म्हणून खुलं झालं. तिकिटातच गाइडची फेरी असते, साधारण अर्ध्या तासाची. आमचे गाइड वयस्कर होते, मोठ्या आवाजाचे, आणि पोहण्याच्या तलावाचा किस्सा त्यांनी रंगवून सांगितला. त्या काळात वीस हजार डॉलर खर्चून बांधलेला तलाव. वैतागलेल्या हेमिंग्वेने खिशातलं शेवटचं नाणं बायकोपुढे टाकलं म्हणे, आणि ते नाणं तिथल्या सिमेंटमध्ये आजही आहे. मागच्या बाजूच्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्याची लिहायची खोली आहे. साहित्यप्रेमींना तिथून पाय निघत नाही. मी एक नजर टाकून खाली आले.

कारण खाली मांजरं होती.

पन्नास-साठ मांजरं आहेत. तिकिटाच्या काउंटरवर एक, दोरी लावून बंद केलेल्या पलंगावर एक, बागेतल्या बाकाखाली तीन. पाणी प्यायला त्यांना एक कारंजं आहे. स्लॉपी जोज नावाच्या बारमधलं जुनं मुतारीचं भांडं आणि त्यावर एक मोठा मातीचा रांजण, असं ते जोडलेलं आहे. मेलेल्या मांजरांसाठी बागेत छोटी दफनभूमी आहे, प्रत्येकीच्या नावाची पाटी. पशुवैद्य नियमित येतात. बहुतेकांची नसबंदी केलेली असते, वंश पुढे चालावा म्हणून मोजक्यांची करत नाहीत. २०१७ च्या इर्मा वादळात शहर रिकामं करायला सांगितलं होतं, तेव्हा इथली काही माणसं मांजरांसोबत घरातच थांबली आणि सगळी मांजरं सुखरूप राहिली. मांजरांच्या अंगावरूनच कळतं की त्यांची नीट काळजी घेतली जाते: केस चमकदार, डोळे स्वच्छ, आणि माणसांना भिऊन पळणारं एकही नाही.

कथा अशी सांगतात की स्टॅनली डेक्स्टर नावाच्या जहाजाच्या कॅप्टनने हेमिंग्वेला सहा बोटांचं एक पांढरं मांजर दिलं, स्नो व्हाइट नावाचं, आणि आजची मांजरं तिचीच पिलावळ. त्याच्या नातेवाइकांपैकी काहींनी या कथेवर शंका घेतली आहे. त्यांच्या मते मांजरं त्याने पुढे क्यूबातल्या घरी पाळली. मला या वादात रस नाही. मांजरं समोर आहेत आणि त्यांच्या पायांवर कुणाला शंका घेता येत नाही.

साध्या मांजराच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशी अठरा बोटं असतात. विटांच्या कुंपणाजवळ सावलीत एक राखाडी मांजर पसरलं होतं. इथं हात फिरवायला परवानगी आहे, उचलायला नाही. लेक त्याच्याशेजारी मांडी घालून बसली. मांजराने पुढचे पाय ताणले तेव्हा आम्ही मोजले. डाव्याला सहा, उजव्याला सात. जास्तीची बोटं आतल्या बाजूला होती, म्हणजे आपल्या हाताला अंगठा असतो त्या बाजूला. डाव्या पायाचं जास्तीचं बोट लांब होतं, त्याला स्वतःची गुलाबी गादी होती आणि स्वतःचं नख. उजव्या पायाची दोन जास्तीची बोटं एकमेकांना चिकटून होती, त्यातल्या एकाचं नख तिरकं निघालं होतं. अशी आडव्या जागेतली नखं जमिनीवर घासली जात नाहीत, म्हणून ती वेळच्या वेळी कापावी लागतात, नाही तर वळून गादीत रुततात. मागचे दोन्ही पाय साधे, चार-चार बोटांचे.

सासूबाई वाकून बघत होत्या. “हिचा डावा अंगठा तर माझ्यागत लांब आहे की गं,” त्या म्हणाल्या. आणि लेकीने लगेच आपला उजवा हात, तो ऑपरेशनच्या टाक्यांची बारीक रेघ असलेला, मांजराच्या उजव्या पायाशेजारी विटेवर ठेवला. “आजी, हा तुझा आणि हा माझा.”

एकाच जिवात, डीएनएतल्या एकाच बदलामुळे, डावी बाजू एक आणि उजवी बाजू दुसरी. हे आम्हाला डॉक्टरांनी आकृती काढून समजावलं होतं, लेकीच्या जनुकाच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये छापून आलं होतं. पण सासूबाईंना ते पटलं त्या कुंपणापाशी. तोवर त्या म्हणायच्या, “माझं बोट निराळं, पोरीचं निराळं, मग एकच कसं?”

त्याचं उत्तर मी इथे जमेल तसं लिहिते, कारण अशी घरं आमच्यासारखी बरीच असतील.

गर्भ साधारण चार आठवड्यांचा झाला की हाताच्या जागी एक छोटा उंचवटा येतो. त्याच्या करंगळीच्या बाजूला पेशींचा एक ठरावीक पट्टा असतो. १९६८ मध्ये सॉन्डर्स आणि गॅसलिंग यांनी कोंबडीच्या गर्भातला असा पट्टा काढून समोरच्या, म्हणजे अंगठ्याच्या बाजूला लावून पाहिला. आरशात दिसावीत तशी उलट्या क्रमाने जास्तीची बोटं उगवली. त्या पट्ट्यातून झिरपणारं रसायन कुठलं हे १९९३ मध्ये कळलं. ते बनवणाऱ्या जनुकाला सॉनिक हेजहॉग म्हणतात. करंगळीकडे ते जास्त, अंगठ्याकडे नाही. या कमी-जास्तीवरून कुठं कुठलं बोट यायचं आणि किती यायची हे ठरतं.

आता गंमत इथे आहे. आमच्या घरात, आणि की वेस्टच्या या मांजरांतही, सॉनिक हेजहॉग जनुक बिलकुल ठीक आहे. बदल आहे तो त्यापासून डीएनएची जवळजवळ दहा लाख अक्षरं दूर. जुन्या वाड्यात दिव्याचा खटका दिंडीत आणि दिवा माजघरात असावा, तसा. झेडआरएस नावाचा सुमारे आठशे अक्षरांचा हा तुकडा दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात बसला आहे, आणि हातापायात सॉनिक हेजहॉग कुठं चालू करायचं ते तो ठरवतो. त्यातलं एकच अक्षर बदललं की अंगठ्याच्या बाजूलाही थोडं रसायन झिरपू लागतं, जिथं ते मुळीच नको. मग अंगठ्याला तिसरं पेर येतं, किंवा अंगठे दोन होतात. किती झिरपलं, त्यावर काय होणार ते ठरतं. म्हणून भावाचा अंगठा नुसता रुंद, बहिणीचा तीन पेरांचा, आणि नातीचे दोन.

एडिनबरोला रॉबर्ट हिल आणि लॉरा लेटिस यांच्या गटाने २००३ मध्ये हे माणसांत दाखवलं. त्यांनी तपासलेल्या कुटुंबांत डच होती, बेल्जियन होती आणि एक क्यूबन होतं. याच गटाने २००८ मध्ये मांजरांचं काम प्रसिद्ध केलं: हेमिंग्वेच्या मांजरांत याच तुकड्यात एका अक्षराचा बदल आहे, आणि ब्रिटनमधल्या सहा बोटांच्या मांजरांत त्याच तुकड्यात, पण निराळ्या जागी. या घरापासून थोडं चालत गेलं की रंगीत खांबासारखं एक स्मारक लागतं, ‘क्यूबा ९० मैल’ असं लिहिलेलं. सगळे तिथं रांगेत उभे राहून फोटो काढतात. आम्हीही काढला. मी मात्र त्या पाण्यापलीकडच्या कुणा क्यूबन कुटुंबाचा विचार करत होते, ज्यांनी आपलं रक्त तपासायला दिलं म्हणून माझ्या लेकीच्या रिपोर्टवर कारणाचे चार शब्द येऊ शकले.

आणखी एक काम मला फार आवडलं. व्हिएन्नाच्या संशोधकांनी हाच बदल असलेल्या मेन कून जातीच्या ३७५ मांजरांची बोटं मोजली. बदल सगळ्यांत तोच, पण बोटांची संख्या वेगवेगळी. तरी ती वाटेल तशी विखुरलेली नव्हती. पुढच्या पायांना जास्तीची बोटं अधिक, मागच्यांना कमी, आणि एकूण वीस बोटांची मांजरं सगळ्यांत जास्त. ही माहिती डोक्यात असली की बागेत फिरताना निराळीच मजा येते. लेक प्रत्येक मांजराचे पाय मोजत सुटली, आणि मागच्या पायाला पाच बोटं असलेलं एक सापडलं तेव्हा एवढ्या जोराने ओरडली की गाइडनी मागे वळून बघितलं.

संग्रहालय असं सांगतं की साधारण निम्म्या मांजरांना जास्तीची बोटं दिसतात, पण जनुक सगळ्यांमध्येच आहे. याबद्दल थोडं जपून. हा बदल ज्याला आपण प्रभावी म्हणतो तसा आहे, आईबापांपैकी एकाकडून आला तरी दिसतो. एका पालकाकडे असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळायची शक्यता निम्मी. तेव्हा साध्या पायांच्या मांजराला एक तर तो मिळालाच नाही, किंवा मिळून दिसला नाही. कुठलं खरं, हे डीएनए तपासल्याशिवाय सांगता येत नाही. माणसांतही काही घरांत बदल असूनही हात साधे दिसतात. पण असं नुसत्या डोळ्यांनी ठरवून कुणाला ‘तुझ्यातही आहे’ किंवा ‘तुझ्यात नाही’ असं सांगू नये. आमच्या नणंदेचे हात साधे आहेत. तिने लग्नाआधी तपासणी करून घेतली. तिच्यात बदल नाही. तिला तो निरोप फोनवर मिळाला तेव्हा ती हसली की रडली ते मला आजही सांगता येणार नाही.

आणि एवढं मोठं गणित मांडायचं कारण नसलेली घरं जास्त आहेत. बाळाच्या एकाच हाताला दोन अंगठे आणि घरात आणखी कुणालाच काही नाही, असं असेल तर ते बहुतेक वेळा आनुवंशिक नसतंच. तीन पेरांचा अंगठा मात्र घराण्यात चालत आलेला असायची शक्यता बरीच. करंगळीशेजारचं लोंबतं बोट ही आणखी निराळी गोष्ट, ते कित्येक घरांत असतं आणि निरुपद्रवी असतं. पण तिथं नात्यातलं लग्न असेल, आते-मामे भावंडांचं, तर डॉक्टरांना ते जरूर सांगावं. कारण काही विकारांत आईबाप दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली की करंगळीशेजारच्या बोटाबरोबर हृदय, डोळे किंवा मूत्रपिंडाचाही त्रास असतो. याच अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या आमिश लोकांत एलिस-व्हॅन क्रेव्हेल्ड नावाचा तसा विकार आहे: बुटकेपणा, सहा बोटं आणि अनेकदा हृदयाला छिद्र. मोजक्या पूर्वजांपासून वाढलेला समाज आणि आपसातली लग्नं, म्हणून तो तिथं टिकला. पेनसिल्व्हेनियाचीच दुसरी गोष्ट याहून जुनी. विल्यम फॅराबी नावाच्या माणसाने १९०३ मध्ये तिथल्या एका आखूड बोटांच्या कुटुंबाची वंशावळ मांडली. मेंडेलचा प्रभावी गुणाचा नियम माणसात लागू होतो हे प्रथम दाखवलं गेलं ते असं, बोटांवरून. म्हणजे हा विषय कुणी कोपऱ्यात ढकलण्यासारखा कधीच नव्हता.

आमच्या लेकीच्या बाबतीत सुरुवातीला एका दवाखान्यात “दोरा बांधून टाकू, गळून पडेल” असा सल्ला मिळाला होता. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. पण कुणाला असं सांगितलं गेलं तर कृपा करून तिथं होकार देऊ नका. अंगठ्यात हाड असतं, सांधा असतो. पुढे ज्या हँड सर्जनकडे गेलो त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून दाखवलं की दोन्ही अंगठे नेहमीच्या अंगठ्यापेक्षा बारीक आहेत. एक नुसता कापून टाकला तर उरलेला वाकडा आणि ढिला राहतो. म्हणून काढायच्या अंगठ्याचे अस्थिबंध आणि स्नायू उरलेल्याला जोडावे लागतात. हाड कुठल्या पातळीपासून दुभंगलंय त्यावरून सात प्रकार करतात, १९६९ पासून वासेलच्या नावाने. ऑपरेशन वर्षाच्या आसपास केलं, पकड शिकायच्या वयात. त्याआधी हृदयाची इको आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या, कारण अंगठ्याच्या वेगळेपणाबरोबर कधी हृदयाचा होल्ट-ओरॅम आणि कधी रक्ताचा फॅन्कोनी हा विकार असू शकतो. दोन्ही नाहीत म्हटल्यावर मी त्या रात्री गाढ झोपले.

जनुकाची तपासणी मात्र पहिल्या फटक्यात ‘नॉर्मल’ आली. महागडी एक्झोम टेस्ट होती. तिच्यात प्रथिनं बनवणारा भाग वाचतात, आणि झेडआरएस त्या भागात मोडत नाही. जेनेटिक्सच्या डॉक्टरांनी सासूबाईंचे अंगठे बघितले, वंशावळ काढली, आणि तेवढाच तुकडा वेगळा तपासायला सांगितला. तिथं सापडलं. अंगठ्याची परंपरा असलेल्या घरांनी हे लक्षात ठेवावं: रिपोर्ट नॉर्मल आला तर ‘तो तुकडा वाचला होता का, आणि त्याच्या जादा प्रती आहेत का हे बघितलं का’ असं थेट विचारावं.

आणि ग्रहण? ज्या ग्रहणाबद्दल मला विचारलं गेलं, तेव्हा मला पाचवा महिना लागला होता. बोटं आठव्या आठवड्याच्या सुमारास सुटी झालेली असतात. हे मी सासूबाईंच्या त्या जाऊबाईंना फोनवर शांतपणे सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मग हे आमच्या वहिनींच्या माहेरचंच म्हणायचं.” तेही दोष दिल्यासारखंच झालं, म्हणून मी म्हटलं, “काकू, माहेरचं आहे, पण त्यात कुणाचं चुकलेलं नाही.”

परत बागेत. लेकीने मला विचारलं, “आई, हिचं ऑपरेशन का नाही केलं?” चांगला प्रश्न होता. मी तिला सांगितलं की मांजराला पेन धरायचं नसतं, बटण लावायचं नसतं. या पायांनी ती चालते, उड्या मारते, झाडावर चढते, तिचं काही अडत नाही. तुझा अंगठा तिरका होता, मोठेपणी आणखी वाकला असता. सासूबाईंनी तेव्हा पिशवीतून सुई-दोरा काढला (त्या प्रवासात गोधडीचे तुकडे घेऊन फिरतात) आणि बाकावर बसून नातीला दाखवलं. त्या सुई अंगठ्यात धरतच नाहीत. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये धरतात, दुसऱ्या हाताने दोरा ओवतात, आणि टाका घालताना लांब अंगठा कापड दाबून ठेवतो. आयुष्यभर त्या असंच करत आल्या, भाकरीही थापतात. मी एवढी वर्षं त्यांना शिवताना बघते आहे, पण बोटं कशी चालतात ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. नवरा म्हणाला, “आई, तुझं कधी ऑपरेशन करायचं म्हणाले होते?” त्या म्हणाल्या, “कशाला? माझं काय अडलंय?”

दोन्ही बरोबर आहे. लेकीचं करणं योग्य होतं आणि सासूबाईंचं न करणंही. वेगळं दिसतं म्हणून नव्हे, पकड सुधारणार असेल तर करावं, असं आमचे सर्जन सांगायचे आणि मला ते पूर्ण पटलं.

आता जाणाऱ्यांसाठी काही. घर वर्षभर रोज उघडं असतं, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. नऊला पोहोचा. तेव्हा मांजरं जागी असतात, पायऱ्यांवर, वाटेवर येतात. दुपारी उन्हात सगळी झुडपांखाली झोपतात आणि पाय पोटाखाली घेतात, मग मोजणार काय? आधी बागेत मांजरं बघा, गाइडची फेरी नंतर घ्या. आतला जिना अरुंद आहे, गुडघेदुखीवाल्यांनी वरचा मजला सोडला तरी चालेल, सासूबाईंनी सोडला. हे लेखकाचं घर आहे, जनुकशास्त्राचं प्रदर्शन नव्हे, त्यामुळे झेडआरएस वगैरे घरून वाचून जा आणि मुलांना गाडीतच सांगून ठेवा, रस्ता लांबच आहे. तिथल्या मांजरांची देखभाल करणाऱ्यांना विचारलंत तर कुठल्या मांजराला किती बोटं ते तोंडपाठ सांगतात, नावासकट. मुलांना ‘उचलायचं नाही’ हे दारातच बजावा. मांजरांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी गोळी घेऊन जावं, कारण घरात बसायच्या प्रत्येक जागेवर केस असतात. पाण्याची बाटली आणि टोपी हवीच. समोर दीपगृह आहे, अठ्ठ्याऐंशी पायऱ्या; वरून या घराची बाग दिसते. पुरेसा दम असेल तर तेही करून या.

माझ्याकडून पाचपैकी पाच. आमच्या मामेसासऱ्यांच्या नातवाला गेल्या महिन्यात तीन पेरांचा अंगठा घेऊन मुलगा झाला आहे. त्यांना मी जेनेटिक्सच्या डॉक्टरांचा पत्ता, लेकीच्या रिपोर्टची प्रत, आणि त्या राखाडी मांजराच्या दोन्ही पायांचा जवळून काढलेला फोटो पाठवला आहे.